लाल दोऱ्याची खूण

कंपनीच्या डॉक्टरने आडवळण घेतलं नाही. "तीन आठवड्यांत झोपेच्या मशीनचा रिपोर्ट सुधारला नाही, तर क्रेन विसरा. गेटवर खुर्ची टाकून देतो."

क्रेनवाल्याने मान हलवली. आदल्या सोमवारी वर केबिनमध्ये त्याचा डोळा लागला आणि पाइपांचा गठ्ठा खालच्यांच्या डोक्यावर तसाच लटकत राहिला. कोणाला लागलं नाही, पण माणसांचे ओरडून ओरडून घसे बसले तेव्हा कुठे हा जागा झाला. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बायको जाऊन पाच महिने झाले होते. गेटवर बसलं की येणारा-जाणारा "कसं चाललंय?" विचारणार. वर केबिनमध्ये निदान विचारणारं कोणी नव्हतं.

झोपेत त्याचा श्वास अडकायचा. चार वर्षांपूर्वी ते कळलं, तेव्हापासून रात्री नाकातोंडावर मास्क, मास्कला नळी आणि नळीच्या टोकाला उशाशी मशीन. पहिल्या रात्री बायकोने उशीत तोंड खुपसून हसून घेतलं होतं. "हत्तीशी लग्न लागलं म्हणायचं," ती म्हणाली, आणि उठून पट्टे नीट केले. त्या दिवसापासून मास्कचं सगळं तिच्याकडे. रोज सकाळी चेहऱ्याला टेकणारं कुशन धुणं, दर रविवारी पट्टे सोडवून साबणाच्या कोमट पाण्यात घालणं. वाळलेले पट्टे पुन्हा त्याच जागी यावेत म्हणून तिने खालच्या दोन्ही पट्ट्यांवर लाल दोऱ्याचे दोन-दोन टाके घातले होते. वेल्क्रो तिथवर आणायचं, पुढे नाही, मागे नाही.

लेक त्याला मास्कवाल्या बाईंकडे घेऊन गेली. लहानशी खोली, भिंतीला आरसा, कोपऱ्यात तपासणीचा पलंग. बाईंनी मास्क उजेडात धरला. कुशन पिवळं पडून लिबलिबीत झालं होतं.

"काका, हे कधी बदललं?"

"तिने बदललं होतं."

"वर्ष होत आलं," लेकीने सांगितलं.

"आणि धुता कधी?"

"पुसतो की."

"पट्टे?"

लेकीने पट्टा हातात घेतला. घामाने तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. "बाबा! पाच महिने? बनियन रोज धुता, आणि हे तोंडावर बांधून झोपता?"

पट्टे शेवटचे बायकोने धुतले होते, तिनेच अडकवले होते. ते सोडवायला त्याचा हात होत नव्हता. पण हे असं चारचौघांत सांगायचं कसं?

बाईंनी नवं कुशन बसवलं. "लावून दाखवा."

तो आरशासमोर बसला आणि पट्टे बरोबर लाल दोऱ्यापर्यंत आणले. केसभरही इकडेतिकडे नाही. मशीन सुरू झालं आणि डाव्या गालावरून हवा फसफसायला लागली.

"आता आडवे व्हा."

"आडवा कशाला?"

"घरी उभ्याने झोपता का?" बाई म्हणाल्या. लेकीला हसू आलं. "पडल्यावर गाल मागे जातात, काका. मास्क नेहमी पडूनच आवळायचा. आजवर कोण लावून देत होतं?"

तो पलंगावर पडला आणि तेव्हा त्याला आठवलं. बायकोने बसवून कधीच मास्क लावला नव्हता. तो अंग टाकायचा, ती डाव्या बाजूने वाकायची, पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायची आणि मग दिवा घालवायची. त्याला वाटायचं, आपण आळशी म्हणून ती हे करते. खूण जपली होती त्याने, पण लावायची रीत तिच्याबरोबरच गेली होती.

फसफस कमी झाली, थांबली नाही.

"खूण जुन्या गालांची आहे," बाई म्हणाल्या. "किती बारीक झालात?"

"तेरा किलो," लेक म्हणाली.

बाईंनी पट्टा दोऱ्याच्या पुढे ओढायला घेतला, तोच त्याने त्यांचं मनगट धरलं.

"ह्याच्या पुढे नको."

"अहो, हवा सुटतेय."

"सुटू दे."

"एवढा वारा डाव्या कानाशी वाहतोय, तुम्हाला झोप तरी कशी लागते?"

मास्कमधून त्याचा आवाज लांबून आल्यासारखा आला. "डावीकडे तिची उशी आहे. वाऱ्याने अभ्र्याची कड हलते."

बाईंनी मशीन बंद केलं. लेक रागाने बोलली. "तुमचाही श्वास एक दिवस अडकून राहिला, की मी कुणाकुणाच्या उशा बघत बसू, बाबा?"

त्याने मनगट सोडलं.

बाईंनी पट्टे दोन-दोन बोटं आत ओढले. लाल टाके वेल्क्रोखाली गेले. मशीन सुरू केलं, तर नुसता घरघराट. हवा कुठेच सुटत नव्हती. बाईंनी नव्या जागी पेनाने खूण केली.

"जुना दोरा काढून टाकू? नाहीतर गोंधळ होईल."

"राहू दे. माझा नाही होणार."

रविवारी त्याने पट्टे सोडवले. पाणी चहासारखं झालं. तीन पाणी बदलली तेव्हा कुठे ते नितळ आलं. पट्टे सावलीत वाळवले. तिच्या शिवणाच्या डब्यात लाल रीळ होतं, पण दोरा संपलेला. मग काळा घेतला. सुई ओवायलाच अर्धा तास गेला. टाके वाकडे आले, एक तर पार गाठ होऊन बसला. बाईंनी पेनाने केलेल्या खुणेवर ते घातले. अलीकडे तिचे लाल होते, तसेच.

सोमवारी सकाळी गजर झाला तेव्हा मशीनवर हिरवा दिवा होता. साडेसात तास, गळती नाही. असे तीन आठवडे काढले की क्रेन हातची जात नव्हती. डोकं हलकं होतं, किती तरी महिन्यांनी.

त्याने मान डावीकडे वळवली. अभ्र्याची कड सरळ पडून होती. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग मास्क काढला आणि कुशन धुवायला मोरीकडे गेला.