उसन्या पोटऱ्या

चष्मेवाल्याला पहाटे धावायला बोलवा, अंधारातही बूट शोधून हजर. पण घरी व्यायाम करा म्हटलं, की गड्याला लगेच जांभया.

बाजारातल्या दुकानदारांचा धावण्याचा गट होता. महिनाभराने रिले होती आणि चौघांत आपली वर्णी लागावी म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. समोरच्या संघातून शेवटच्या टप्प्याला त्याचा साडू धावणार होता ना! ह्याला वगळलं असतं, तर साडूने तो विषय जन्मभर चघळला असता. पण गटाच्या फिजिओताई भारी कडक. गेल्या वर्षी निम्म्या गटाच्या पोटऱ्या धरल्या, तेव्हापासून त्यांचा नियम होता: रोज घरी टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या आणि गुडघ्याखालचा व्हिडिओ पाठवायचा. त्यावरून संघ ठरणार.

दोन दिवस त्याने कसंबसं निभावलं. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला, "अगं, तू ओट्यापाशी उभीच असतेस. माझे मोजे घाल आणि जरा टाचा उचल."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी शूटिंग करतो. तेही कामच आहे."

तिने मोजे चढवले, वर "हात हलतोय तुमचा" म्हणून दटावलंही. सुरुवातीला कुरकुरली, पण मग तीच "चला, फोन आणा" म्हणून हाक मारू लागली. एका पायावर उभी राहून भाजीसुद्धा चिरायची. सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं.

यादी आली, माणसांऐवजी दुकानांच्या नावांची. शेवटचा टप्पा, चढाचा: चष्म्याचं दुकान.

चढाचा! संध्याकाळी सराव म्हणून चढ गाठला आणि अर्ध्यातूनच लंगडत परतला. बायकोने त्याला धरून फिजिओताईंकडे नेलं.

"ताई, मला सपाट टप्पा द्या," तो अजिजीने म्हणाला.

"टाच उचलून दाखवा बरं."

त्याने उचलली. ती धप्पकन खाली आली.

"पहिले दोन दिवस अशीच आपटत होती," ताई म्हणाल्या. "नंतरची टाच अलगद उतरायची. पाय बदलले ते मला कळणार नाही? चढ मी त्या पायांना दिलाय. दुकान दोघांचं आहे ना?" मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "धावाल?"

चष्मेवाला हसला. "ती? अहो, तिला कुठे धावायची आवड?"

"विचारलंत कधी?" बायको म्हणाली.

त्याचं हसू विरलं. इतकी वर्षं तो पहाटे दार ओढून एकटाच निघत आला होता आणि खरंच, एकदाही विचारलं नव्हतं.

"धावेन," ती ताईंना म्हणाली आणि खुर्ची ओढून चढ कसा घ्यायचा ते समजून घेऊ लागली. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. त्याला मनापासून लाज वाटत होती. पण साडूला भर चढावर मेव्हणी मागे टाकणार, ह्या विचाराने, खोटं कशाला बोला, थोड्या गुदगुल्याही होत होत्या.