मी भोंगा बोलतोय, कानात बोटं घालू नका

मी हातातला भोंगा बोलतोय. दचकू नका, आज आवाज बारीक ठेवलाय.

जन्म कारखान्यातला. वर रुंद तोंड, खाली मूठ, पोटात सेल. शिक्षण विचाराल तर भाषणं ढिगानं ऐकलीत, पण सगळी अर्धीच. मध्येच सेल संपायचे. त्यामुळे आश्वासनं मला तोंडपाठ आहेत, पुढचं काही ठाऊक नाही. तसं ते बोलणाऱ्यालाही नसायचं!

माझे मालक नगरसेवक. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांना मी मनसोक्त छळलं. ऐन "बंधू-भगिनींनो"ला अशी शीळ घालायचो की पुढच्या रांगेतली तान्ही पोरं भोकाड पसरायची. भाऊ मला झापड मारायचे. मी गप्प. ते बोलायला लागले की पुन्हा शीळ.

मग ऑफिसात एक मुलगी कामाला लागली. राज्यशास्त्राची पदवी, ताजी ताजी. भाऊ तिला चिडवायला 'प्राध्यापक' म्हणायचे. पहिलंच काम अवघड होतं. वस्तीतला सरकारी दवाखाना बंद करायचं घाटत होतं. त्यावर सुनावणी ठेवलेली. लोकांनी येऊन हरकत घेतली नाही, तर दवाखान्याला कुलूप.

प्राध्यापकबाई मला घेऊन भर दुपारी गल्लीत उभ्या. "नागरिकहो, लोकसहभाग हा लोकशाहीचा प्राणवायू आहे!" बायका शिलाईच्या कारखान्यात, पुरुष कामावर. घरात होते ते रात्रपाळीचे राखणदार, गाढ झोपलेले. एका खिडकीतून चप्पल आली. माझ्या तोंडावर बसली. नेम झकास होता.

सुनावणीला चौघं आले. त्यातले दोघं सावलीला बसायला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात शेवटची संधी."

"लोकांनाच नको असेल तर आपण काय करणार, प्राध्यापक?" भाऊ म्हणाले.

"भाऊ, लोकांना माहीतच नाही. मी चुकीच्या वेळेला गेले." डोळे भरले होते, पण हनुवटी वर. तिथे ती मला आवडली.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटताना ती फाटकावर हजर. मला तोंडाला लावलं, "नागरिकहो..." मी दिली शीळ ठेवून! जाणूनबुजून. हसा खुशाल. तिनं मला काखेत मारलं आणि तशीच बोलायला लागली. बोलता बोलता शब्दही साधे झाले.

"मावशी, दवाखाना बंद होतोय."

"अगं बाई! मग माझ्या नातवाला दम लागला की न्यायचं कुठे?"

"हेच साहेबांना येऊन सांगाल?"

"मी? मला नाही बाई बोलता येत."

"आत्ता बोललात की!"

"ही पोरगी आपल्याला पुढारी करणार गं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या खिदळल्या.

आठवडाभर ती रोज फाटकावर. कधी पाय सुजले, कधी बोलणी खाल्ली, पण खाडा नाही. शेवटच्या सुनावणीला बायका पाळ्या बदलून आल्या, खोली ठासून भरली. साहेब म्हणाले, "एकानंच बोलायचं." सगळे हिच्याकडे वळले. हिनं रात्रंदिवस घोकलेलं भाषण गिळलं आणि मला मावशीच्या हातात दिलं. मावशीनं मला आधी उलटं धरलं, मग सुलटं करून नातवाचं सांगायला लागली. खोड्या काढायची इतकी नामी संधी मी आयुष्यात सोडली नव्हती. सोडली.

दवाखाना राहिला. पण फक्त सकाळी उघडणार, म्हणजे बायका कारखान्यात असताना.

"जिंकलो की!" भाऊ हार शोधायला लागले.

"अजून नाही, भाऊ. संध्याकाळची वेळ मागायचीय."

आता माझी मूठ चिरलीय, सेलचं झाकण दोऱ्यानं बांधलंय. ज्यांना ज्यांना मला तोंडाला लावायची हौस आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे: समोर माणसं आहेत का ते आधी बघा, मग ओरडा. चला, कारखाना सुटायची वेळ झाली. प्राध्यापकबाई चपला घालतायत.