फळ्यावरचं नाव

डन्स वेल या आडरानातल्या गावात आता माणसं अकरा. गेल्या आठवड्यापर्यंत बारा होती.

गावातला एकुलता एक पब व्हर्नाचा. दाराशेजारी काळा फळा आणि खिळ्याला टांगलेलं फडकं. रानात एकट्यानं जायचं तर फळ्यावर नाव, ठिकाण आणि परतायची वेळ लिहायची, आणि आलं की स्वतःच्या हातानं पुसायचं. वेळ टळून तास झाला तरी नाव तसंच असेल, तर अख्खा गाव गाड्या काढून शोधायला निघणार. दुसऱ्याचं नाव कुणीही पुसायचं नाही. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावून कोण सांगायचं? व्हर्नाच. तिच्या तोंडाच्या पट्ट्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

ऑब्री हा रानात गुरांसाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या दुरुस्त करणारा माणूस, वय वर्षं एकाहत्तर. चाळीस वर्षांत त्यानं एकदाही फळा चुकवला नव्हता. सोमवारी सगळ्यांसमोर व्हर्नानं त्याला छेडलं.

"अरे म्हाताऱ्या, शिडी चढताना तुझे गुडघे वाजतात ते इथवर ऐकू येतं! पुरे कर की आता."

"तुझी जीभ थकली, की मीही थांबेन."

सगळे खो खो हसले, ऑब्री मात्र हसला नाही. अर्धा ग्लास तसाच ठेवून निघून गेला. व्हर्नाला वाटलं, जाऊ दे, उद्या येईल ताळ्यावर.

मंगळवारी सकाळी तो आला आणि तिच्याकडे न बघता लिहून गेला. 'ऑब्री. नऊ नंबरची चक्की. संध्याकाळी पाच.'

"अरे, बोल तरी!" ती मागून ओरडली. त्यानं गाडीत कुत्र्याला चढवलं आणि गेला.

साडेपाचच्या सुमारास ते कुत्रं, पिकल, पबच्या पायरीवर येऊन उभं राहिलं. जीभ हातभर बाहेर. ते ऑब्रीला सोडून कधी कुठे राहायचं नाही, म्हणजे तोही आलाच असणार, असं व्हर्नानं धरलं. समोर त्याचं घर, गाडीच्या शेडचं दार नेहमीसारखं बंद. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आला, आणि नाव पुसायलासुद्धा येत नाही? माझं तोंड बघायचं नाही म्हणून?

पिकल तिचा एप्रन दातांत धरून ओढू लागलं.

"जा, सांग तुझ्या मालकाला, व्हर्ना काही माफी मागणार नाही म्हणून." तिनं त्याच्यापुढे एक हाड टाकलं. त्यानं ते हुंगलंही नाही, रस्ता ओलांडून गेलं. घरीच गेलं असणार, दुसरं कुठे? मग तिनं फडकं घेतलं आणि रागारागानं नाव पुसून टाकलं. शेड तिथून चाळीस पावलांवर होती. दार ढकललं असतं तर आत गाडी नाही हे दिसलं असतं.

ऑब्री सापडला गुरुवारी, गुरांचं पाणी आटलं म्हणून कुणी चक्कीकडे गेलं तेव्हा. शिडीवरून पडून कंबर मोडली होती. पिकल शेजारीच पडून होतं, जेमतेम जिवंत. विमानानं आलेला डॉक्टर म्हणाला, बुधवारी दुपारपर्यंत तरी हा माणूस जिवंत असावा.

फळा कोराच होता. रागाच्या भरात लिहायला विसरला बिचारा, असं गाव हळहळलं. व्हर्ना गप्प बसली. नाव आपण पुसलं, हे सांगायचा धीर तिला होत नव्हता.

दफन झाल्यावर सगळे पबमध्ये जमले. ऑब्रीची मुलगी जोलीन शहरातून आली होती. पिकल तिच्या पायाशी.

"लहानपणी मी नाव न लिहिता गेले म्हणून बाबांनी माझ्या कानफटात मारली होती," ती म्हणाली. "आणि स्वतःच विसरले! राग येतोय गं मावशी मला त्यांचा. आज पुरलं त्यांना, आणि मला रागच येतोय." तिनं कुत्र्याचा पाय हातात घेतला. "याचे पंजे बघ, सगळे सोलून निघालेत. चक्कीजवळ तर नुसती मऊ वाळू आहे."

आता गप्प राहिले तर हा माणूस कायमचा बेफिकीर ठरेल, तोही स्वतःच्या लेकीच्या मनात. व्हर्ना जोलीनसमोर येऊन उभी राहिली.

"तुझा बाबा विसरला नव्हता, पोरी. त्यानं लिहिलं होतं. मी पुसलं. कुत्रं दिसलं, मला वाटलं तो घरी आलाय."

जोलीन उठली, फळ्यापाशी गेली, खडू घेतला.

"काय लिहिलं होतं? सांग."

व्हर्ना सांगत गेली आणि जोलीननं शब्दन् शब्द लिहून काढला. नाव, चक्की, पाच वाजता. मग खडू खाली ठेवून ती वळली.

"म्हणजे पिकल वीस किलोमीटर चालत तुला बोलवायला आलं होतं. मग तू काय केलंस, मावशी?"

"हाड दिलं," व्हर्ना म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.