मराठीसाठी जास्तीचे पैसे

माझी बायको सरोजा गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी मराठी बोलतो ती देवघरात, आणि देव काही उलट बोलत नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, बँकेतली मुलगी, सगळ्यांशी तमिळ. आमचे चिरंजीव चेतन फोनवर इंग्रजी झाडतात. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं उरली दोन. एक माझं, दुसरं तीन दारं सोडून राजमबाईंचं. पोथ्यांच्या ग्रंथालयात नोकरीला असताना माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या रघुनाथची ही बायको. तोही गेला. आता इकडे एकटा पुरुष, तिकडे एकटी बाई. कारणाशिवाय उंबरठा ओलांडला तर गल्ली बोलणारच. म्हणून सकाळी आपापल्या ओट्यावरून मान हलवायची, की त्या दिवसाचं बोलणं संपलं. मला ते फार लागायचं. पण कारण आणायचं कुठून?

ते एका सोमवारी आपल्या पायांनी माझ्या फाटकाशी आलं.

"राव, थोडं येतांत का? नवीन कंप्यूटर मराठी झालंय. मज कांहीच वाचाया येईना."

बाई वीजखात्यातून निवृत्त झालेल्या, कामात चोख. त्यांचा गिरीश सिंगापूरला. जुन्या कॉम्प्युटरवर त्याचा व्हिडिओ कॉल लागेनासा झाला, म्हणून त्या रमणच्या दुकानात नवीन घ्यायला गेल्या. रमण म्हणाला, यात येते ती साधी सिस्टीम, तिला एकच भाषा, इंग्रजी. दुसरी हवी तर वरची सिस्टीम घ्या, तिचे पैसे वेगळे.

"मग सोडून द्यायचं की!" मी चिडलो. "नवं यंत्र घेतलं आणि आतल्या सिस्टीमचे वर पैसे? साडी घेऊन काठाचे वेगळे देतात का कुठं?"

"मीही तेच म्हटलें. पण त्यानें यादी दाखवली, राव. त्यांत मराठी होती."

तंजावरात जन्म काढलेल्या या बाईला सत्तर वर्षांत कुठल्या दुकानदारानं मराठी हवी का म्हणून विचारलं नव्हतं. त्यांनी पैसे काढून दिले. रमणनं तिथंच सगळं मराठी करून दिलं. घरी येऊन उघडलं, तर पडद्यावर सगळी देवनागरी.

"आईचं पत्र यायचं तसं येईल वाटलं," त्या म्हणाल्या.

मी हसलो. हसायला नको होतं. आमच्याकडे पत्रं, लोणच्याची कृती, लग्नातल्या आहेराच्या याद्या, सगळं मराठीच, पण तमिळ अक्षरांत. बाईंच्या लेखी मराठी लिहायची ती तशीच. देवनागरी शिकलो आम्ही पोथ्यांच्या याद्या करणारे, पोटासाठी.

मी खुर्चीत बसलो. त्या मागे उभ्या राहिल्या. एकेक शब्द वाचून दाखवू लागलो, "पुन्हा सुरू करा", "वेळ आणि भाषा".

"असं कोण बोलतं?"

"पुण्याकडची माणसं बोलत असतील."

त्या खळखळून हसल्या. त्या घरातलं हसणं मी रघुनाथ असतानाच शेवटचं ऐकलं होतं.

आणि मग मला अवदसा आठवली. आपल्याला किती येतं ते दाखवायची हौस! इथं दाब, तिथं दाब, यादीतून इंग्रजी निवड, एकदा बाहेर पडून परत आत. पाच मिनिटांत पडदा इंग्रजी.

"झालं?" बाई म्हणाल्या.

"झालं," मी छाती काढून म्हणालो.

आता बसायला काही कारण उरलं नव्हतं. त्या दारापर्यंत आल्या, मी चपला घातल्या. घरी येऊन पंख्याखाली बसलो आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. अरे गाढवा, जरा चुकत माकत केलं असतंस! दोन वर्षांनी कुणी तुझं मराठी ऐकत होतं, आणि तू काम उरकून मोकळा झालास. दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलो, त्या बाहेर आल्या नाहीत. इतकं एकटं मला सरोजा गेली त्या आठवड्यानंतर वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फाटक वाजलं.

"राव, पुन्हा मराठी झालंय."

"आपोआप?"

"आपोआप."

कॉम्प्युटर आपोआप भाषा बदलत नाही, एवढं मलाही कळतं. त्याला चार-पाच ठिकाणी दाबावं लागतं, आणि काल मी दाबत होतो तेव्हा कुणीतरी मागे उभं राहून पाहत होतं. गेलो, त्याच खुर्चीत बसलो, पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"चष्मा घरीच राहिला, बाई. आज नुसतं बघतो. उद्या येऊन करीन."

बाईंनी माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. चष्मा तिथंच होता, काडी बाहेर दिसत होती. त्या वळून आत गेल्या. कॉफीच्या डबरा-पेल्याचा आवाज झाला.

"कॉफी ठेवतें, राव. साखर किती घालूं?"

एका शब्दात उत्तर झालं असतं. मी सरोजा किती घालायची तिथपासून सांगायला सुरुवात केली.