खारीकचे कागद

“खारीक. मेल, ब्राउन, सलुकी मिक्स. याचा पूर्ण रेकॉर्ड मला आजच पाठवा,” फोनवरून सुहा सांगत होती.

सुहा बहारीनमध्ये मनामातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायची. अमवाजजवळच्या दुसऱ्या एका दवाखान्यात कॉर्नेलियस गेली सोळा वर्षं तेच काम करत होता. कुत्र्यामांजरांचे कागद बघायचे, लशी, चिपा, प्रवासाचे दाखले. एखादं जनावर इथून तिथे गेलं की जुना रेकॉर्ड मागवायचा, हा रोजचाच शिरस्ता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजाची ओळख पक्की होती.

“खारीक? तो तर आमचा पेशंट आहे,” कॉर्नेलियस म्हणाला.

“आता आमचा झाला. ओनर बोस्टनला चाललेत, तेरा दिवसांनी. डॉगला घेऊन. यल्ला, लवकर करा, मला पुढे गव्हर्नमेंटकडे पाठवायचंय.”

‘इंशाल्ला’ म्हणून त्याने फोन ठेवला. समोर एक बाई मांजराचा पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे बघून तो नेहमीसारखा हसला आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. ते आवरायला हवं हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

साऱ्या बहारीनमध्ये खारीक नावाचा कुत्रा एकच. त्याचा मालक शिरीष, कॉर्नेलियसचा बावीस वर्षांचा दोस्त. एक पुण्याचा इंजिनियर, दुसरा वसईकडचा, भुईगावचा कारकून. एकाच्या घरी गणपती, दुसऱ्याच्या घरी क्रूस. जमण्यासारखं काही नव्हतं, तरी जमलं. सात वर्षांपूर्वी थंडीत साखीरच्या वाळवंटात दोन्ही घरांनी मिळून कॅरव्हॅन भाड्याने घेतली होती, तेव्हा तिच्या चाकाखाली दोन पिल्लं सापडली. शिरीषने तांबूस होतं ते उचललं, त्याचं नाव खारीक. उरलेलं पिल्लू इतकं लांबडं आणि सुकलेलं होतं की कॉर्नेलियसची बायको कार्मेल म्हणाली, “हा तर आपला बोंबील.” बोंबील राहिला. कार्मेल मात्र दोन वर्षांत गेली.

ती गेल्यावर सुट्टीचा शुक्रवार कॉर्नेलियसला खायला उठायचा. सकाळची चर्चमधली मिसा झाली की तो बोंबीलला गाडीत घालून थेट सनद भागात शिरीषच्या घरी जायचा. तिथेच ती कल्पना निघाली. शिरीषचा मुलगा जयेश आणि सून कस्तुरी बोस्टनला होते. तिकडच्या वसंतात आरव्ही भाड्याने घ्यायची, म्हणजे आत बिछाने, चूल, न्हाणी सगळं असलेलं चाकांवरचं घर, आणि दोन्ही कुत्र्यांना घेऊन न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मेन असं एका कॅम्पग्राउंडवरून दुसऱ्या कॅम्पग्राउंडवर महिनाभर फिरायचं.

कल्पना शिरीषची, पण त्याचं काम तेवढंच. बाकी सगळं कॉर्नेलियसने केलं. त्याने एक वही घातली. एप्रिलात तिकडे बर्फ वितळून नुसता चिखल होतो, म्हणून बरीच कॅम्पग्राउंडं मे अर्धा झाल्याशिवाय उघडत नाहीत. मेच्या अखेरीस काळ्या माश्या येतात आणि माणसाला फोडून काढतात. कुठे कुत्र्याला सहा फुटांचाच पट्टा लागतो, कुठे तळ्याच्या वाळूवर नेता येत नाही, कुठे रेबीजचा दाखला पाहिल्याशिवाय फाटकातून आत घेत नाहीत. जन्मात भुईगाव आणि बहारीन यापलीकडे काही न पाहिलेल्या या माणसाला, मेनमधल्या एका तळ्याकाठी एकोणीस नंबरच्या जागेवर सकाळचं ऊन कुठून येतं, हेसुद्धा पाठ होतं. बुकिंगही त्यानेच केलं. जानेवारीत त्याचा अमेरिकेचा व्हिसा लागला तेव्हा शिरीषच्या बायकोने, हेमावहिनींनी, शिरा केला होता.

आणि मार्चमधल्या एका शुक्रवारी शिरीष म्हणाला, “जयेशला सुट्टी मिळत नाही रे. ट्रिप खलास.”

त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की कॉर्नेलियसनेच त्याची समजूत काढली. “पुढच्या वर्षी जाऊ. तिकडचे डोंगर काय पळून चाललेत?”

“बुकिंगचं तेवढं...”

“मी करतो ना कॅन्सल.”

“नको, नको, तू कशाला त्रास घेतोस? पासवर्ड दे, जयेश बघेल.”

याने दिला. घरी जाताना उलट त्याला शिरीषचीच कीव येत होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्याचा कापला त्याला महिनाभर पत्ताच नव्हता.

मांजरवाली बाई आत गेल्यावर कॉर्नेलियसने खारीकची फाइल उघडली. तिच्यातला प्रत्येक कागद त्याच्याच हाताखालून गेला होता. रेबीजची लस नोव्हेंबरमधली. खारीकच्या मानेतली ओळखीची जुनी चिप मशीनवर उमटेना झाली, म्हणून फेब्रुवारीत नवी बसवलेली. नियम साधा आहे. चिप आधी, लस नंतर. चिपच्या आधीची लस प्रवासाला धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली याला पुरावा राहत नाही. नव्याने टोचली तर पुढे अठ्ठावीस दिवस थांबायचं. म्हणूनच मार्चमध्ये दोन्ही कुत्र्यांना लस द्यायचं ठरलं होतं. बोंबीलला दिली. शिरीष मात्र म्हणाला होता, “आता जायचंच नाही तर उगाच सुई कशाला?” खोटं निभवायला माणूस काय काय करतो! खोटं खरं वाटावं म्हणून त्याने लस टाळली, आणि तिथेच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

नुसती फाइल पाठवायची आणि मूग गिळून बसायचं, एवढंच करायला हवं होतं. सुहाकडे दिवसाला वीस फायली. तिच्या नजरेतून सुटलं तर कुठल्यातरी विमानतळावर एखादा साहेब तारखा बघेल आणि म्हणेल, हा कुत्रा पुढे जाणार नाही. मग शिरीष, हेमा, सामानाच्या बॅगा आणि मध्ये तो पिंजरा. कॉर्नेलियसला ते चित्र गोड वाटलं, खोटं कशाला सांगा? दोन-तीन मिनिटं तो ते चित्र बघत बसला. मग त्याला पिंजऱ्यातला खारीक दिसला. विमान नुसतं घरावरून गेलं तरी तो पलंगाखाली जायचा.

त्याने रेकॉर्ड पाठवला आणि खाली लिहिलं : लस चिपच्या आधीची आहे. प्रवासाला चालणार नाही.

संध्याकाळी पाचला दवाखाना रिकामा होत असताना शिरीष आला. ऑफिसातून तडक आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

“कॉर्नी, मी तुला सांगणारच होतो.”

“कधी? मेनला पोचल्यावर?”

“ऐकून तरी घे. कस्तुरीच्या आईबाबांनी आपणहून विषय काढला, आम्हीही येतो म्हणाले. व्याह्यांना नाही कसं म्हणणार, तूच सांग. उद्या सुनेला वाटायचं, माझ्या माहेरच्यांना टाळलं. गाडीत झोपायला सहाच जागा. हेमा तर दोन दिवस जेवली नाही रे.”

“मग मला सांगायचं. ‘कॉर्नी, जागा नाही.’ तीन शब्द. मी काय भांडायला आलो असतो?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आणि आता काय वाटतंय असं वाटतं तुला?” कॉर्नेलियसचा आवाज चढला, आणि पहिल्यांदाच त्याला तो उतरवावासा वाटला नाही. “जयेशला सुट्टी नाही म्हणालास. मी मेणबत्ती लावली रे चर्चमध्ये, पोराच्या नोकरीचं काही बिनसलं असेल म्हणून! बुकिंग कॅन्सल केलं?”

शिरीषने मान खाली घातली.

“एकोणीस नंबरवर तुझे व्याही उतरणार. माझ्या नावावर.”

“नाव बदललंय,” शिरीष पुटपुटला. हे सांगायला नको होतं, हे सांगून झाल्यावर त्याला कळलं.

आत कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं. शिरीष जरा पुढे झुकला. “बरं, माझी चूक. हजारदा चूक. पण खारीकचं काय करायचं? तिकडे सुहा म्हणते, हा जाऊच शकत नाही. मार्चमध्ये लस ठरलीच होती ना आपली? तेवढी तारीख घाल. वीस मार्च. तुझ्या हातातलं आहे. कोण बघतंय?”

मघापर्यंत कॉर्नेलियसला वाटत होतं की घाव एकच आहे.

“शिक्का आमच्या डॉक्टर खदिजाचा असतो,” तो सावकाश म्हणाला. “पकडलं तर तिचं लायसन्स जाईल. माझी नोकरी जाईल, इथला व्हिसा जाईल, आठ दिवसांत भुईगावला. हे तुला माहीत आहे. बावीस वर्षं बहारीनमध्ये काढलीस, तुला माहीत नाही असं नाही.”

“अरे, त्या मुक्या जनावरासाठी तरी...”

“लस दिलीच नाही आणि दिली म्हणून लिहू? त्या जनावरासाठीच नाही म्हणतोय. त्याच्यासाठी माझ्यापुढे आलास, माझ्यासाठी तू कधी कुणापुढे गेला असतास का?”

काचेचा दरवाजा ढकलून शिरीष गेला, आणि कॉर्नेलियसने उगीचच काउंटर पुसायला घेतलं. पुसता पुसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तावन्नाव्या वर्षी, कामाच्या कपड्यांत. त्याने ते येऊ दिलं.

आठवड्याने हेमाचा फोन आला. “भाऊजी, कुठल्या तोंडाने बोलू? पण खारीक तुमच्याशिवाय कुणाकडे खात नाही हो. महिनाभर ठेवाल?”

“घरी नाही, वहिनी,” कॉर्नेलियस म्हणाला. “दवाखान्यात बोर्डिंग आहे. तिथे आणा, मी बघेन त्याला.” बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आपण फार कोरडं बोललो. पण त्याने परत फोन लावला नाही.

विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी शिरीष खारीकला घेऊन आला. माणसांमधलं काहीही ठाऊक नसलेला तो खुळा दारातूनच कॉर्नेलियसकडे झेपावला, काउंटरवर पंजे टाकून त्याचा हात चाटू लागला. शिरीषने खाण्याची पिशवी ठेवली. रंगीत जॅकेट ठेवलं, तेही बहुधा मेनच्या थंडीसाठी घेतलेलं.

कॉर्नेलियसने फॉर्म पुढे केला. “भर.”

“मी? नेहमी तूच भरतोस.”

“मालकाने भरायचा असतो.”

शिरीष भरू लागला. नाव, पत्ता, जायची तारीख, यायची तारीख, खाणं किती वेळा. तीन वेळा की दोन, तिथे तो अडला. कॉर्नेलियसने सांगितलं, दोन. शेवटचा रकाना होता, आपण बाहेर असताना तातडीच्या वेळी बहारीनमध्ये कुणाला कळवायचं. शिरीषने हात न थांबवता ‘कॉर्नेलियस’ लिहिलं, फोन नंबरही न बघता लिहिला, आणि कागद सरकवला.

कॉर्नेलियसने पट्टी घेऊन त्या नावावर सरळ रेघ मारली.

“स्टाफचं नाव चालत नाही. त्याला काही झालं, ऑपरेशनला हो-नाही म्हणायची वेळ आली, तर बाहेरचा माणूस लागतो. तुझ्या वतीने सही करेल असा.”

“अरे, पण तूच तर...”

“मी इथे नोकरी करतो.”

हे त्याने रागाने म्हटलं नाही. राग कधीच ओसरला होता, आणि राग होता तेच बरं होतं असं त्याला आता वाटत होतं.

शिरीषने पुन्हा पेन उचललं. खिशातून फोन काढला, नावं वर सरकवली, खाली सरकवली. ऑफिसातले होते. गणपतीच्या मंडळातले होते, वर्गणीपुरते आणि आरतीपुरते. एका नावावर त्याचा अंगठा थांबला, मग पुढे गेला. तो परत पहिल्यापासून बघू लागला.

मागे पोपटाचा पिंजरा घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. “दोन मिनिटं, मॅडम,” कॉर्नेलियस तिला म्हणाला आणि खुर्ची दाखवली. मग शिरीषकडे वळला.

“सावकाश लिही,” तो म्हणाला. खारीकचा पट्टा त्याने आपल्या मनगटाला गुंडाळला, आणि रिकाम्या रकान्यावर टेकलेलं पेन हलण्याची वाट बघत उभा राहिला.