कोणाले तरी पाठव

डोणगावच्या टिनाच्या चर्चात प्रार्थना एवढी लांबायची, की आढ्यावरचं कबुतर अंडं घालून, उबवून, पिल्लं उडवून मोकळं व्हायचं. त्या रविवारी पास्टर शालिग्राम सोजराबाईसाठी प्रार्थना करत होते. म्हातारीचा खुबा मोडलेला, मंडळीखेरीज गावात तिचं कोणी नाही. भाचा कुलदीप सांगून गेला होता : रविवारी दुपारी जीप आणतो, तुमच्यातलं कोणी आत्याचं करणार असेल तर ठीक, नाहीतर वृद्धाश्रमात सोडतो. सोजराबाईला घर सोडायचं नव्हतं.

"प्रभू, तुझ्या लेकीकडे कोणाला तरी पाठव!"

"आमेन!" टिन असं हादरलं की शेजारच्या गावातली कुत्री भुंकली.

मंडळीतली गोजरबाई मात्र कंबर धरून बसली होती. रोज सकाळी तीच सोजराबाईचं अंथरूण बदलायची. आज म्हातारीला एकटीनं कुशीवर वळवताना गोजरबाईच्या कमरेत उसण भरली होती. आमेन ऐकून तिचं टाळकं सणकलं.

"पास्टर, थांबा! दर रविवारी कोणाले तरी पाठव म्हणता. त्यानं पाठवावं कोणाले? सारे तर इथंच बसून राह्यले!"

"गोजरबाई, प्रार्थनेच्या मधात बोलू नये."

"मंग कवा बोलू? जीप गेल्यावर?"

पास्टरची बायको समीक्षा पुटपुटली, "मावशी, आमाले वाटलं दुसरं कोणी जात असन."

"हाव, अन् दुसऱ्याले वाटलं तू जात असशीन! देवबाप वरून म्हणत असन, माणसं तर सारी देली, आता काय गाढवं पाठवू?"

उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाचं पातेलं दाराशी होतं. निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी. गोजरबाईनं कण्हतच ते हातगाडीवर चढवलं. "आज पंगत सोजराबाईच्या अंगणात!"

वासामागं अख्खी मंडळी निघाली. सतरंज्याही सरपटत आल्या म्हणतात. पाहणारे अजून जिवंत आहेत.

सोजराबाईच्या खोलीतल्या कुबट वासानं मात्र साऱ्यांची भूक दारातच थबकली. तेवढ्यात जीप आली.

"ठरलं का? आत्याचं कोण करन?" कुलदीपनं विचारलं.

सगळे आपापल्या चपला पाहू लागले. "आपण प्रार्थना..." पास्टरनी सुरुवात केली.

"डोळे मिटून तर पाहा!" गोजरबाई गरजली. "आपला वार बोलल्याबिगर कोणाले रोडगा भेटनार नाई. पास्टरलेबी नाई."

समीक्षानं पदर खोचला. "आजची रात्र माही." पास्टरनी खाटेखालचं भांडं उचललं, तोंड वाकडं करत मोरीकडं नेलं. मग कोणी सोमवार पुटपुटलं, कोणी मंगळवार. शनिवारवर तर दोघं भांडले.

"आठवडाभर पाहतो," म्हणत कुलदीपनं रिकामी जीप वळवली.

गोजरबाईचा राग काही उतरला नव्हता. "आधी सुचलं असतं तं माही कंबर गेली असती काय!" ती पंगतीत वाढता वाढता बडबडत होती.

आतून सोजराबाई ओरडली, "भांडनं मंग करा! मले वाढा आधी, भाजी थंडी होऊन राह्यली!"