सहा ते साडेसहा

शिकाऊ डॉक्टरने आजोबांची औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली आणि पाकिटं एकेक करून ओळीने मांडली. आठ निघाली. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण घाई करणं तिच्या स्वभावात नव्हतं. नको ती औषधं छाटते म्हणून बरोबरीच्यांनी तिचं नाव 'कात्री' ठेवलं होतं. जेवायला जाताना मात्र या कात्रीला कुणी हाक मारत नसे, आणि ते तिला लागायचं.

ती शेवटच्या पाकिटापासून उलटी मागे बघत गेली. एक गोळी चक्करेची. चक्कर यायची ती धडधडीच्या गोळीने. झोपेची आणखी वेगळी. पण मुळात धडधड कशाने होते, झोप का उडाली, हात का थरथरतात? ओळीच्या पहिल्या टोकाला थायरॉइडची गोळी होती, आणि आजोबांना थायरॉइड असल्याचं जुन्या एकाही कागदावर नव्हतं. गेल्या वर्षी कुणीतरी पिशवीतलं सगळं उतरवून घेतलं होतं आणि पुढच्या प्रत्येकाने तीच यादी डोळे झाकून पुढे ओढली होती.

"आजोबा, ही गोळी तुम्हाला कुणी दिली?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला.

"हिची आहे ती. ही गेली, गोळ्या राहिल्या. टाकवेनात."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण तिच्या अगदी ओठांवर आली होती. तिने ती गिळली.

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. गोळी सकाळी सहाला, उपाशीपोटी. त्यानंतर अर्धा तास चहा नाही. एकतीस वर्षं बायको गोळी घेऊन खिडकीशी बसायची आणि तेही चहावाचून तिच्याशेजारी बसायचे. भांडायला उरलेला दिवस होता, त्या अर्ध्या तासात दोघं कधी भांडली नाहीत. ती गेल्यावरही सहाला जाग यायचीच.

गोळी बंद करणं भागच होतं, हृदय थकत चाललं होतं. तिने तसं सरळ सांगितलं, रक्ताची तपासणी लिहिली, बाकीच्या गोळ्या एकेक करून सोडवू म्हणाली. मग तिने यादीतल्या पहिल्या औषधावर रेघ मारली.

"मग सहाला मी काय घेऊ?" आजोबांनी विचारलं.

मोठे डॉक्टर दारातून डोकावून पुढचा पेशंट घ्या म्हणाले. तिने मान वर केली नाही. रेघेखाली तिने ठळक अक्षरांत लिहिलं:

सकाळी सहा वाजता एक पेला पाणी. नंतर अर्धा तास चहा नाही.

आजोबांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. दारापाशी ते वळले.

"बसूनच प्यायचं ना?"

"बसूनच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीत तिला सहाच्या आधीच जाग आली. ती पेलाभर पाणी प्यायली आणि चहाची किटली बाजूला सारून खिडकीशी बसून राहिली. ओळखीचं कुणीतरी आत्ता जागं असेल, एवढंच तिच्या मनात होतं.